आता तू वाजव

मी परिवीक्षा अधिकारी. शिक्षा सुनावण्याआधी न्यायाधीश माझ्याकडून अहवालात दोन गोष्टी मागवतात: ही बाई पुन्हा गुन्हा करेल काय, आणि करू नये म्हणून तिला काय लागेल. पहिली सगळेच वाचतात, दुसरीकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. म्हणून माझं डोकं कायम तापलेलं असतं.

कुंताबाई वडनेरची, विधवा. या दारूबंदीच्या जिल्ह्यात मोहाची दारू गाळताना सापडली. गावातल्या बायकांनी थाळ्या बडवत तिची भट्टी फोडली आणि पोलीस बोलावले. वर्ध्याच्या तुरुंगात मी तिला विचारलं, "कुंताबाई, सुटल्यावर पुन्हा गाळाल?"

"हो."

मी कपाळावर हात मारला. शिक्षा झाली तर तिची लहानगी खुशी बालगृहात जाणार होती, आणि ही खुशाल हो म्हणते!

"काऊन पण, बाई?"

"घर दिराचं हाय, मॅडम. मोहफुलं तोच आणते. नाई गाळली तं म्हणते, पोरीले घेऊन नीघ. कुठी जाऊ?"

मला असा संताप आला! धोका बसलाय दिराच्या घरात आणि तपासणी चाललीय हिची. तिला हवं होतं फक्त दुसरं छप्पर.

वडनेरला गेले. नातेवाइकांनी हात वर केले. शेवटी भट्टीवर पहिला घाव घालणाऱ्या मनकर्णाबाईंच्या भाजीच्या वाडीत जाऊन उभी राहिले. त्या बायकांच्या मंडळाच्या अध्यक्ष. वांगी तोडता तोडता त्यांनी सगळं ऐकलं. "बायाईले इचारून पाहतो," एवढंच म्हणाल्या. मी तोंड पाडून परतले.

आणि सुनावणीला हिंगणघाटच्या कोर्टात मनकर्णाबाई अख्खं मंडळ घेऊन हजर! "साहेब, आमी भट्टी फोडाले गेलतो, बाईले नाई. माह्या वाडीत खोली हाय, काम हाय. जामीन मी राहतो."

चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर कुंताबाई सुटली. मी भर कोर्टात टाळी वाजवली. साहेबांनी न पाहिल्यासारखं केलं.

कुंताबाई आणि खुशीला घेऊन आम्ही सगळ्या वडनेरच्या स्टँडवर बसमधून उतरलो तेव्हा दीर फटफटीला टेकून उभा होता. "चाल घरी," तो म्हणाला. तेवढ्यात बायकांनी पिशव्यांतून थाळ्या काढल्या आणि बडवायला सुरुवात केली. तो आवाज ऐकताच कुंताबाई दचकून माझ्यामागे लपली. मनकर्णाबाईंनी आपली थाळी आणि ती बडवायचा लोखंडी पळा तिच्या हातात कोंबला.

"लपतं काऊन? घे, आता तू वाजव."

कुंताबाईनं खुशीला जवळ ओढलं आणि दिराकडे सरळ पाहिलं. "नाई येत, भाऊजी. तुमची फुलं तुमीच गाळा." आणि असा पळा हाणला की थाळीला पोचा पडला.

ती थाळी मनकर्णाबाईंनी परत घेतली नाही. खुशी रोज तिच्यातच जेवते.