उरलेल्या तेरा गोळ्या

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. कमरेचा नव्हे. दंडाला गुंडाळून रक्तदाब मोजतात ना, तो. मला एक रबरी फुगा आहे आणि घड्याळासारखी गोल तबकडी आहे. सध्या माझा मुक्काम मोखाड्याच्या बाजूच्या एका आरोग्य उपकेंद्रात, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात असतो. वरच्या खणात सेलवर चालणारं नवं मशीन आहे. त्याचे सेल संपलेत. त्यामुळे आमचं दोघांचं बरं जमतं.

मी आलो तेव्हा माझं काय कौतुक झालं होतं! टेबलावर मांडून मला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. तरी लोक दंड पुढे करेनात. हा पट्टा रक्त ओढून घेतो अशी आवई उठली होती. मग उपकेंद्राच्या सपना सिस्टरने मला स्वतःच्याच दंडाला बांधून दाखवलं. पुढची कित्येक वर्षं मी तिच्या पिशवीतून पाड्यापाड्यांवर हिंडलो. चढ चढून तिला दम लागायचा आणि मी आपला ऐटीत झोके घेत जायचो. खोटं कशाला बोलू, ते दिवस माझ्या फार सुखाचे होते.

श्रावणात एकदा गौरा आपल्या नातवाला टोचायला घेऊन आली. सोबत तिची सून तुळशी होती. नातू रडत होता म्हणून त्याला गंमत दाखवायला सिस्टरने मला गौराच्या दंडाला बांधलं. माझा काटा एकशेनव्वदवर जाऊन थरथरला. सिस्टरचा चेहरा उतरला. तिने गौराला निवांत बसवलं, पाणी दिलं आणि पुन्हा मोजलं. काटा तिथेच.

गौराला हसूच आलं. "मला काय दुखत नाय बाई. लाकडाचा भारा एकटीनं उचलते मी."

न दुखणं हीच या आजाराची लबाडी आहे, हे सिस्टरने तिला पुन्हा पुन्हा समजावलं. रोज एक गोळी घ्यायची, तंबाखू सोडायची, सुकट आणि मीठ कमी खायचं. त्यावर गौराने विचारलं, भाकरीबरोबर मीठमिरचीच असते, ती कमी केली तर तोंडी लावायला काय घेऊ? मला तर लाज वाटली. शहरात बसून सल्ला लिहिणाऱ्यांना हा प्रश्न कधी पडला नसेल.

पण गौराने गोळी मनावर घेतली. महिन्याने आली तेव्हा माझा काटा एकशेचाळीसवर थांबला. सिस्टरने तबकडी तिच्यापुढे धरली. "बघ, काटा खाली आला. खाली आला की बरं. आता खंड पडू देऊ नको." गौरा खुशीत घरी गेली, आणि पट्टा रक्त ओढत नाही हे तिने पाड्यावरच्या अजून भिणाऱ्यांना सांगितलं.

दिवाळी झाली आणि पाडा रिकामा व्हायला लागला. दरसालची रीत आहे ही. भात-नाचणी घरात आली की माणसं भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. निघायच्या दिवशी गौरा गोळ्या न्यायला आली. सिस्टरकडे तिच्यासाठी तीसच निघाल्या. संपल्या की तिथल्या सरकारी दवाखान्यातून घे, असं सांगून सिस्टरने तिला चिठ्ठी दिली. गौराने मान हलवली. गाडी बाहेर भोंगा वाजवत होती. सगळी घाईच होती.

त्याच हिवाळ्यात माझ्या फुग्याला चीर गेली. सिस्टरने नवा फुगा मागायला तीनदा अर्ज केला. तीनदा उत्तर आलं, येईल. एका फुग्यापायी मी धूळ खात पडलो. शिव्या द्याव्याशा वाटल्या, पण मला तोंड नाही.

शिमगा झाला आणि एक जीप दारात थांबली. लक्ष्याने, म्हणजे गौराच्या नवऱ्याने, तिला उचलून आत आणलं. मातीचा गारा तुडवता तुडवता ती कोसळली होती. तिकडच्या मोठ्या दवाखान्यात आठ दिवस ठेवून घरी पाठवली होती. उजवा हात लोंबत होता, तोंड वाकडं झालं होतं, शब्द फुटत नव्हता. लाकडाचा भारा उचलणारी बाई, मित्रांनो!

मागून आलेल्या तिच्या सुनेने, तुळशीने, कनवटीची पुरचुंडी सोडून टेबलावर ठेवली. आत गोळ्या होत्या. तेरा.

"सिस्टर, खंड नाय पडू दिला," ती म्हणाली. "दर बाजाराला एक घ्यायची. एक बाजार चुकवला नाय."

सिस्टरने गोळ्या पुन्हा मोजल्या. मग तुळशीच्या बोलण्यातून सगळा उलगडा झाला. भट्टीवरचा मुकादम दवाखान्यासाठी सोडणार नाही हे गौराला आधीच ठाऊक होतं. तीस आठवडे काढायचे होते आणि गोळ्या होत्या तीस. पावसाळ्यात कणगीतली नाचणी पुरवून पुरवून खातात, तशी तिने गोळी पुरवली. आठवड्याची एक. यात तिचं काय चुकलं? साऱ्या आयुष्यात तिने हेच तर केलं होतं, आणि तेवढ्यावर घर जगवलं होतं. चुकलं ते तीसच गोळ्या देणाऱ्यांचं, आणि त्या कशा पुरवशील हे न विचारणाऱ्यांचं.

सिस्टरने डोळे पुसले आणि चिरलेला का होईना, मला कपाटातून काढून गौराच्या डाव्या दंडाला बांधलं. ती फुगा दाबत राहिली. चिरेतून हवा सुसू करत निघून जात होती. माझा काटा कसाबसा नव्वदपर्यंत चढला आणि तिथून सुळकन शून्यावर आला.

गौरा तबकडीकडे बघत होती. काटा खाली आला की बरं, एवढं तिला चांगलं आठवत होतं. ती अर्ध्या तोंडाने हसली.

सिस्टरने तिचं ते हसू मोडलं नाही, मला हलकेच सोडून गुंडाळून ठेवलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी रक्तदाबाची गोळी घेत असेल, तर गोळी घेतली का एवढंच विचारून थांबू नका. उरलेल्या गोळ्या मोजा. नाचणी उरली तर आनंद करा. गोळ्या उरल्या तर त्या माणसाला घेऊन धावत आमच्याकडे या. आणि तुम्ही याल तेव्हा माझा फुगा तरी धड असू दे.