चार उपाशी सऱ्या

सलिमानं बटाट्याचं एक झाड उपटलं, ब्लेडनं खोड कापलं आणि कापलेला तुकडा ग्लासातल्या पाण्यात बुडवून धरला. ठकुबाई बांधावर उकिडवी बसून बघत होती. पाणी होतं तसंच नितळ राहिलं.

"न्हाई उतरलं काय," ठकुबाई म्हणाली.

"नाहीच उतरलं, मावशी! नाहीच!"

रोग असता तर कापलेल्या खोडातून दुधासारखा पांढरा धागा पाण्यात उतरला असता. चाकणचे शेतकरी त्या रोगाला बांगडी म्हणत, कारण बटाटा चिरला की आत तपकिरी कडं दिसायचं. हिरवंगार झाड दुपारी मान टाकायचं ते पुन्हा उठायचंच नाही, आणि औषध म्हणाल तर काही नव्हतं. सलिमा ही चाकणच्या रहिमान मेकॅनिकची मुलगी, पिंपरीच्या एका औषध कंपनीत प्रयोगशाळेत होती. तिनं ठकुबाईच्याच वावरातल्या मातीतून फाज वेगळे काढले होते. फाज म्हणजे जंतूंच्या पोटात शिरून त्यांना फोडणारे, जंतूंहूनही बारीक जीव.

कंपनीत मात्र फाज हा शब्द उच्चारायचीही चोरी! तिथं जंतूंकडूनच औषध बनवून घेत, आणि टाकीत फाज शिरले की अख्खी टाकी गटारात. सलिमाचे फाज बटाट्याच्या जंतूंखेरीज कशालाच शिवत नव्हते, पण हे साहेबांना कोण पटवणार? देवस्थळीसाहेबांनी निक्षून सांगितलं होतं, "हा एक हंगाम. शेतात फरक दिसला तर ठीक, नाहीतर तुमच्या सगळ्या बाटल्या जाळायच्या." आणि आज ते स्वतः बघायला येणार होते.

वावराचा हा तुकडा आठ सऱ्यांचा. एकाआड एक सरीला औषध, उरलेल्या चारांना नुसतं पाणी. औषधाच्या चारही सऱ्या स्वच्छ निघाल्या. सलिमानं ओढणी कमरेला गुंडाळली आणि जवळजवळ पळतच ती पाण्याच्या सरीत शिरली. खोड कापलं. ग्लासात धरलं.

पाणी नितळ.

दुसरं झाड, तिसरं झाड, पुढची सरी. सगळीकडे तेच. मग ती चिखलातच मटकन बसली.

"अगं, पीक कसं तरारलंय, आन् तू रडतीस व्हय?"

"या चार सऱ्या मरायला हव्या होत्या, मावशी. औषधावाचूनही त्या जगल्या, म्हणजे यंदा रोग इथं आलाच नाही. मग माझ्या औषधानं काय केलं? काहीच नाही. साहेब हेच म्हणणार."

ठकुबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"रागावणार न्हाईस न्हवं? त्यांना बी मीच औषध घातलं."

"काय?"

"एकाच वावरातली, एकाच बेण्याची. निम्म्यांच्या तोंडात घास आन् निम्म्यांनी उपाशी बघत बसायचं? मला न्हाई बघवलं."

"पण औषध कुठून आणलंत? मी तर मोजून दिलं होतं!"

"कॅनच्या तळाला वाटीभर ऱ्हायलं हुतं. तूच म्हणालीस न्हवं, ते विरजणावानी वाढतं म्हणून? मंग सडके बटाटे पाण्यात कुस्करले, त्यात ते विरजण घातलं आन् ठेवलं चुलीपाशी. दोन दिसांनी चारी सऱ्यांना वाटलं."

"सडके? म्हणजे बांगडीचे?"

"मंग काय चांगले नासवू?"

बाईनं स्वतःच्या हातानं रोग कालवून मुळांशी ओतला होता! सलिमा ओरडणारच होती, पण नजर सऱ्यांवर गेली. त्या तर उभ्या होत्या. रोग पाजूनही उभ्या होत्या! एवढी कठीण परीक्षा घ्यायची तिची स्वतःची छाती कधी झाली नसती. मात्र साहेब विचारणार, त्या पाण्यातला रोग जिवंत होता कशावरून?

"मावशी, ते सडकं पाणी सगळं इथंच घातलंत?"

"विरजणाचं सगळं हितंच. विरजण घालायच्या आधी घागरभर काढलं हुतं, भांड्यात मावंना म्हणून. ते वांग्यांना ओतलं. म्हटलं, खत व्हईल."

"वांगी कुठायत?"

"कुठली वांगी!" ठकुबाईचा चेहरा पडला. "मेली समदी."

बांगडीचे जंतू वांग्यालाही मारतात! सलिमा धावत सुटली. घरामागं वांग्याची झाडं माना टाकून वाळत होती. त्यातल्या त्यात ओलसर खोड तिनं कापलं आणि ग्लासात धरलं. पांढराशुभ्र धागा सळसळत तळाला गेला. तिनं ठकुबाईला मिठीच मारली.

"बघा की! माझी वांगी मेली आन् ही नाचतीया!"

देवस्थळीसाहेबांची फियाट रस्त्याला थांबली तेव्हा सलिमा ग्लास हातात घेऊनच सामोरी गेली. "साहेब, आधी मेलेली वांगी बघा," ती म्हणाली, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. साहेबांनी पँट दुमडली, ब्लेड मागून घेतलं आणि स्वतःच कापायला बसले. वांगी, बटाटे, पुन्हा वांगी. जेवणाचा डबा गाडीतच राहिला. शेवटी ते उठले तेव्हा कोपरापर्यंत चिखल होता आणि आवाज चढला होता.

"विलक्षण आहे हे! एकही बाटली जाळायची नाही. पण जगाला दाखवायचं तर हे पुरणार नाही, सलिमा. पुढच्या हंगामात पुन्हा करू. आणि निम्म्या सऱ्यांना खरोखरच नुसतं पाणी." त्यांनी ठकुबाईकडे पाहिलं. "जमेल का, बाई?"

ठकुबाईनं वावराकडे पाहिलं.

"न्हाई जमायचं, सायेब. उपाशी कोण हाय ते ठावं असलं, की माझा हात ऱ्हायचा न्हाई."

"असं कर पोरी," ठकुबाई म्हणाली. "दोन कॅन आण, एकसारखे. एकात औषध, एकात पाणी. कशात काय हाय ते मला सांगू नगंस. मंग तू सांगशील तसं घालीन."

साहेब हसायला गेले आणि मधेच थांबले. सलिमानं होकारार्थी मान हलवली. मग तिनं औषधाच्या चार सऱ्यांकडे पाहिलं. सकाळपासून त्यांच्यातलं खोड पाण्यात धरताना दर वेळी आपण श्वास रोखत होतो, हे तिला आठवलं.

"कॅन तुम्ही भरा, साहेब," ती म्हणाली. "आणि मलाही सांगू नका."