लाल कड्याचा चोक

क्योतोतल्या त्या जुन्या बंदुकीच्या दुकानात ओकुबो-सान आणि अश्लेषा बसून तास होत आला होता. समोर चोकच्या दोन डब्या होत्या, आणि निर्णय काही होत नव्हता.

ओकुबो-सान अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. उभा जन्म उत्तरेच्या डोंगरात शिकारीत गेलेला. अश्लेषा मूळची पुण्याची. इथल्या विद्यापीठात हरणं जंगलात काय काय खातात यावर संशोधन करायची. त्यासाठी लागणारी मारलेल्या हरणांची पोटं तिला तीन हिवाळे ओकुबो-सानांच्या गटाकडूनच मिळत होती. यंदा त्यांची बदकं सारखी हुकायला लागली, आणि खापर बिचाऱ्या बंदुकीच्या मूळ चोकवर फुटलं.

चोक म्हणजे बंदुकीच्या तोंडाशी पिळून बसवायचा नळीचा तुकडा. तो जितका आवळलेला, तितके छर्रे लांबपर्यंत एकत्र जातात, म्हणून बदकांसाठी तो चांगला. हरणाला मात्र छर्रे नाहीत, एकच जाड गोळी लागते. ती आवळलेल्या चोकमधून सोडली तर बंदुकीचं तोंड फाटू शकतं. त्या वेळी चोक बदलायचा म्हणजे बदलायचा. हे सगळं तिला ओकुबो-सानांनीच शिकवलेलं.

दोन्ही डब्यांतले चोक आवळलेलेच होते, अमेरिकन बनावटीचे. डबीवरची इंग्रजी सूचना अश्लेषाने वाचून दाखवली. "जाड गोळी वापरू नये, असं लिहिलंय."

"बरोबर आहे," ओकुबो-सान म्हणाले. दुकानदाराने चहा ओतला. मग त्यांनी तीच डबी पुन्हा उचलली.

"अश्लेषा-सान, यावर काय लिहिलंय?"

तिने पुन्हा वाचलं. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दुकानदार उगाचच काउंटर पुसायला लागला. तिने तिसऱ्यांदाही तेच वाचलं.

एक चोक काळा होता, नळीच्या आत पूर्ण बसणारा; एकदा बसवला की बाहेरून काही कळायचं नाही. दुसरा तोंडाबाहेर बोटभर यायचा, आणि त्याला लालभडक कडं होतं.

"हा लालवाला घ्या," ती म्हणाली. "बाहेर येतो, त्यामुळे हातानेच काढता येतो."

ते खोटं नव्हतं. पण तिने तो निवडला तो लांबून दिसावा म्हणून. हरणाच्या वेळी लाल दिसला की आपण हळूच जाऊन सांगू, चारचौघांत त्यांचा पाणउतारा नको. आपल्या या युक्तीवर ती मनातून खूशही झाली.

घरी नवऱ्याने, अनुपने, ऐकून घेतलं आणि भाजी परतायची थांबवली. "अशू, हे सीरियस आहे. तू त्यांना डायरेक्ट सांग, नाहीतर त्यांच्या ग्रुप लीडरला तरी सांग."

"माझ्या आजोबांच्या वयाचे आहेत रे ते. त्यांना मी कुठल्या तोंडाने सांगू, की तुम्ही विसरायला लागलात?"

"आणि तुझी सॅम्पल्स?"

"त्याचा काय संबंध?" ती फटकन म्हणाली. संबंध होता, म्हणून तर राग आला.

पुढच्याच आठवड्यात एक तरुण पोलीस लॅबमध्ये आला. इथे बंदुकीच्या परवान्याचं नूतनीकरण असलं की पोलीस ओळखीच्या माणसांकडे चौकशी करतात. ओकुबो-सानांच्या वागण्यात अलीकडे काही बदल जाणवला का, असं त्याने अगदी अदबीने विचारलं.

"नाही," अश्लेषा म्हणाली. "फार शिस्तीचे आहेत ते." परवान्यासाठी म्हाताऱ्यांना द्यावी लागणारी स्मरणशक्तीची चाचणी त्यांनी पास केली होती. मग आपण कोण मध्ये तोंड घालणार? मनाची समजूत काढायला माणसाला फार वेळ लागत नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी तळ्यावर ओकुबो-सानांनी लाल चोक लावून दोन बदकं पाडली. त्या हिवाळ्यातली पहिलीच. म्हातारा इतका खुलला की सगळा गट हसायला लागला. दुपारी हरणांचा हाका होता, म्हणजे ओरडत त्यांना दबा धरलेल्या शिकाऱ्यांपुढे हाकलायचं. तिथपर्यंत बंदुका कायद्याप्रमाणे खोळीत होत्या, त्यामुळे तोंडाशी काय लावलंय ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता. विचारता आलं असतं. तिने विचारलं नाही, इतक्या आनंदात कुठे ते काढायचं म्हणून.

हाकारे घालायला ताकेदा-सान खाली ओढ्यात उतरला. गटातला तोच एक पन्नाशीच्या आतला; पोटं पिशव्यांत भरून, वर तारीख लिहून तिला आणून देणारा. अश्लेषा दुर्बीण आणि वॉकीटॉकी घेऊन समोरच्या उतारावर टेहळणीला बसली. ओकुबो-सान आपल्या जागी पोचले, खोळ काढली, जाड गोळी भरली. तिने दुर्बीण लावली.

लाल.

वॉकीटॉकीवर सगळे एकाच वेळी ऐकत असतात. 'ओकुबो-सान, चोक बदला,' एवढंच म्हणायचं होतं. ते सगळ्यांनी ऐकलं असतं, आणि संध्याकाळपर्यंत त्यांची बंदूक गेली असती. तिने मोबाइल काढला आणि त्यांना फोन लावला. वाजत राहिला. दुर्बिणीत ते नुसतेच उभे दिसत होते. शिकारीला फोन मुका करूनच निघायचं, हा नियम त्यांचाच. तिने पुन्हा लावला. मग ती वॉकीटॉकीकडे वळली, बटणावर अंगठा ठेवला, आणि वाक्य जरा सौम्य कसं करता येईल याचा विचार करू लागली.

तेवढ्यात झाडीतून हरीण निघालं.

बंदुकीच्या बाराचा आवाज नेहमीसारखा नव्हता. हरीण वर पळालं. चोक फाटून गोळी वाकडी गेली होती. ताकेदा-सान नेमाच्या रेषेपासून चांगला दूर, जिथे असायला हवा तिथेच होता; तरीही ती त्यालाच लागली. हेलिकॉप्टर येण्याआधीच तो गेला.

ओकुबो-सान चिखलात बसून प्रत्येकाला सांगत होते की जेवताना चोक बदलला, पिळून काढल्याचं हातांना आठवतंय. अश्लेषा जवळ आली तेव्हा त्यांनी तिची बाही धरली. "अश्लेषा-सान, तुम्ही होतात ना? मी बदलला होता ना?"

तिला रडूही आलं नाही. तिने ती बाही सोडवली नाही, एवढंच.

दोन दिवसांनी पोलीस ठाण्यात समोर तोच तरुण पोलीस होता. टेबलावर प्लास्टिकच्या पिशवीत फाटलेला चोक. कडं मधूनच चिरलेलं होतं, रंग मात्र शाबूत होता.

"हा कोणी निवडला?"

"मी."

"दुकानात काळाही होता म्हणे. मग लाल का?"

"लांबून दिसावा म्हणून."

त्याने लिहून घेतलं. लिहिता लिहिता थांबला, आणि वर न बघताच त्याने विचारलं, "मग दिसला का?"

"दिसला," अश्लेषा म्हणाली.