तीन मिनिटं दहा सेकंदांवरचं लग्न

मुकुल दीक्षितला भीती या विषयातलं सगळं कळतं, असं सांगलीतल्या त्याच्या कॉलेजात एकाच माणसाचं ठाम मत होतं. तो माणूस म्हणजे साताऱ्याहून शिकायला आलेला मुकुल स्वतः.

सत्त्याण्णव साली फिल्म मंडळाच्या नारायण सरांनी स्पर्धा लावली. थरारपटाची फक्त सुरुवात करून आणायची, चार मिनिटांच्या आत. जिंकेल त्याला पुण्याच्या शिबिरात जागा, आणि जागा एकच. मे महिन्यात मी पुण्यात असेन, असं मुकुलने घरी पत्राने आधीच कळवून टाकलं होतं.

त्याने फिल्म यवतेश्वरच्या घाटात काढली. मामाचा काळा रेनकोट, सुरा, सुऱ्यावरून ठिबकणारं कुंकवाचं पाणी. कशात म्हणून कसर ठेवली नाही. धुक्यासाठी पातेलंभर धूप जाळला. हॉस्टेलच्या पोरांना दाखवली, तेव्हा खुनी धुरातून पुढे येऊ लागला आणि मागून कुणीतरी आरतीच्या टाळ्या धरल्या. मुकुलने त्याचं खापर पोरांच्या अभिरुचीवर फोडलं.

शेवटच्या फेरीत दोघेच उरले, मुकुल आणि त्याच्याच बाकावरचा सम्मेद चौगुले. सरांनी दोघांना आपल्याकडचे मार्क सारखेच दिले. उरलेले पन्नास एकमेकांनी एकमेकांना द्यायचे होते. अट एवढीच की मार्क कापला तर कितव्या मिनिटाला आणि का, ते लिहायचं. सम्मेदच्या फिल्मची कॅसेट घेऊन मुकुल सरांच्या खोलीत एकटाच बसला. हातात घड्याळ होतं आणि मनात आकडा ठरलेला होता.

सम्मेदने स्वतःच्या घरातलं जेवण दाखवलं होतं. सुरा नाही, धूर नाही. त्याचं घर जैन, दिवस मावळल्यावर तोंडात घास घालायचा नाही. चौघं भराभर जेवतायत, पाचवं ताट वाढलेलं आहे, समोर कुणी नाही. भिंतीवर उन्हाची पट्टी. कुणी बोलत नाही. सगळे एकदा दाराकडे बघतात, एकदा भिंतीकडे. पट्टी बारीक होत होत विझते. मग दाराची कडी वाजते. आई, म्हणजे सम्मेदची खरीच आई राजमतीकाकू, उठते, आणि दार उघडायचं सोडून भरलं ताट उचलून आत नेते.

मुकुलच्या अंगावर काटा आला. तो त्याने पंख्याच्या नावावर घातला.

पडदा काळा झाला. आणि मग, घड्याळात बरोब्बर तीन मिनिटं दहा सेकंद, एकदम सनई. एक नवरी ताटासमोर बसलेली, कुणीतरी घास पुढे केलेला, ती घास न घेता टक लावून कॅमेऱ्याकडे बघतेय. किती वेळ बघतेय! मुकुलला कळलं. ही तीच आई, तरुणपणची. दाराशी कोण आलंय ते हिला लग्नापासून ठाऊक आहे. त्याने कॅसेट बंद केली. खोलीतला टीव्ही फोडावा असं त्याला वाटलं, पण तो कॉलेजचा होता. ज्या पोराला मिरजेपलीकडे जग माहीत नाही, त्याला हे सुचावं?

पहिल्या तीन मिनिटांत कापायला जागा सापडेना. मग त्याने वळणदार अक्षरात लिहिलं: ‘तीन मिनिटं दहा सेकंद. अचानक लग्न. कथेशी संबंध नाही. प्रेक्षक गोंधळतो. वजा बारा.’

दुसऱ्या दिवशी सरांनी दोघांना समोर बसवून कागद वाचले. सम्मेदने मुकुलला एकेचाळीस दिले होते. शेरा होता, ‘धूर भरपूर.’ मग मुकुलचा कागद. सर वाचता वाचता थांबले.

“चौगुले, लग्न कुणाचं?”

सम्मेदने डोकं खाजवलं. “आमच्या कीर्तीताईचं, सर. दाजी मिरजेला लग्नाचं शूटिंग करत्यात, त्यांनी जुनी कॅसेट दिलीती. आमची फिल्म दोन पन्नासलाच संपतीया. पुढचं पुसायचं राहिलं बगा.”

सरांनी लाल पेनने ‘वजा बारा’वर रेघ ओढली. “म्हणजे दीक्षित, याच्या फिल्ममध्ये तुला एकही चूक सापडली नाही. पन्नासपैकी पन्नास. मीसुद्धा एवढे देत नाही कुणाला. मन मोठं लागतं.”

मन मोठं असलेला मुकुल खाली बघत राहिला. पुणं गेलं याचं दुःख होतंच. पण ते लग्न सम्मेदला सुचलेलं नव्हतं, या विचाराने जिवाला जरा गारवा वाटत होता.

तो गारवा कँटीनपर्यंत टिकला. तिथे सम्मेदने चहा सांगितला आणि म्हणाला, “गड्या, तू लिवलंस म्हणून पुसायच्या आधी आत्ताच सरांच्या खोलीत ती कॅसेट परत बगितली. ताई कशी बगतीया रं! शिबिराला ते लग्न ठेवूनच नेतो. लय भारी जमतंय. आभारात तुजं नाव टाकू का?”

मुकुलने बशीत चहा ओतला. त्यावर फुंकर मारली.

“कीर्तीताईचं टाक,” तो म्हणाला.