ईमेलचा रकाना

साहेब, आत्याचा डावा डोळा तुमच्या सहीने गेला. दवाखान्याची गाडी बोलवायचा फोन बंद करून ‘यापुढे फक्त अ‍ॅपवर’ ही पाटी तुम्हीच लावलीत. त्यात दुसरा हात तिच्या भाचीचा, आणि ती ते नाकारत नाही.

ते अ‍ॅप भाचीनेच बनवलं. सुरुवातीला तिच्यापुढे दोन टेम्प्लेट होती, म्हणजे आयता कोड, ज्यावर अ‍ॅप उभं करायचं. एक उघडंबोडकं: सगळं हाताने लिहा, दोन महिने घाला. दुसरं नटूनथटून बसलेलं: ईमेल, पासवर्ड, सगळं जिथल्या तिथे.

“सोमवारी मला पडद्यावर काहीतरी चकचकीत दिसलं पाहिजे,” तुम्ही म्हणालात.

“पण साहेब, म्हाताऱ्या माणसांकडे ईमेल कुठला?”

“नंतर काढू की! आधी चालू तर होऊ दे.”

तिने मान डोलावली. नटलेलं उचललं. ते ‘नंतर’ काही उजाडलं नाही. तिच्या स्वतःच्या फोनवर अ‍ॅप कायम उघडंच. पहिल्या दिवशी ईमेल टाकला, त्यानंतर दहा महिने ते पहिलं पान तिच्या नजरेसच पडलं नाही.

आणि जिने तिला लहानाचं मोठं केलं ती आत्या त्याच पानावर अडकून पडली होती. डोळ्यातला दाब वाढलेला, दर महिन्याला तपासणी, आणि गाडीशिवाय जाणं होईना. फोन बंद झाल्यापासून तीन तपासण्या बुडाल्या. चौथ्या वेळी शेजारणीने नेलं तेव्हा डावा डोळा गेलेला.

भाचीने आत्याचा फोन हातात घेतला. ईमेलच्या रकान्यात आत्याने घरचा पत्ता लिहिला होता. अगदी ‘जिन्याजवळचं हिरवं दार’ सकट.

“अगं, मला एक फोन करायचास ना!”

“कसा करू? माझ्या भाचीने केलंय म्हणून अख्ख्या इमारतीत मिरवून आले. मलाच जमत नाही म्हटलं असतं तर तुझी काय शोभा राहिली असती?”

 घरी येऊन भाचीने ते पान काढून टाकलं. एका दुपारचं काम निघालं.

साहेब, त्या पानावरून माघारी गेलेल्यांनी रकान्यात काय काय लिहिलं, त्याची नोंद तुमच्या कार्यालयात पडून आहे. त्यात पत्ते असणार. ती एकेका दारावर जायला तयार आहे. यादी तिने दोनदा मागितली, तुम्ही दोनदा ‘बघू’ म्हणालात. कधी देताय?