मॅटखालची माती

मी दगडी रोलर बोलतोय. भांडुपच्या आमच्या कबड्डी मंडळाच्या मैदानात कडेच्या भिंतीला टेकून असतो, तोच. आधीच सांगतो, आज माझं डोकं ठिकाणावर नाही. टीव्हीवर कबड्डी लीगच्या सराव शिबिरांच्या बातम्या सुरू झाल्या की ते दरवर्षी फिरतं. यंदा तर विचारूच नका.

जन्माने मी खाणीतला काळा दगड. पाथरवटांनी मला गोल केलं, लोहाराने पोटातून कांब घातली आणि मंडळाच्या पोरांनी मला ओढत इथवर आणलं. तेव्हापासून काम एकच. दशरथ अण्णांनी माती चाळायची, पाणी शिंपडायचं आणि मी वरून फिरायचं. अण्णा मंडळाचे जुने खेळाडू. गिरणी बंद पडली, पण त्यांची ही पाळी काही सुटली नाही.

या मैदानात चपला घालून कोणी उतरत नाही. रेषेबाहेर चपला काढायच्या, चिमूटभर माती कपाळाला लावायची, थोडी तळहातांना चोळायची आणि मग खेळायचं. पाहुण्या संघालाही हाच नियम.

आणि ती लीग! तिथे मातीऐवजी मॅट, पायात बूट आणि माणसं लिलावात घेतात. गेल्या मोसमात ज्याला मनसोक्त शिव्या घातल्या, तोच यंदा आपल्या संघाचा कर्णधार. मग टाळ्या वाजवायच्या कुणासाठी, शर्टाच्या रंगासाठी? चढाई करणाऱ्याचा दम ऐकावा म्हटलं तर कानठळ्या बसवणारी गाणी. गडी 'कबड्डी कबड्डी' म्हणतोय की नुसते ओठ हलवतोय, देव जाणे! हे सगळं मला ठाऊक, कारण मंडळाच्या खोलीतला टीव्ही अगदी माझ्यासमोर आहे. नावं ठेवतो, पण एकही सामना सोडत नाही. अण्णाही तसलेच.

"ही काय कबड्डी म्हणतत? तमासो नुसतो!" असं म्हणत ते खुर्ची आणखी पुढे ओढतात.

जुन्या खेळाडूंनी मंडळाला मॅट द्यायची तयारी दाखवली होती. अण्णा आडवे आले. "मी जितो आसय तवसर हय मातीच रवतली," म्हणाले. मला त्यांचा केवढा अभिमान वाटला होता!

मग आमच्या प्रीतमला लीगमधल्या एका संघाच्या शिबिरातून निवड चाचणीचं बोलावणं आलं. प्रीतम याच मातीत गुडघे फोडून वाढलेला. त्याची थोरली बहीण अक्षता आमच्या मुलींच्या संघाची कर्णधार. लीगला उठताबसता शिव्या घालणाऱ्या अण्णांनी त्या दिवशी पेढे वाटले. निघताना त्यांनी प्रीतमच्या हातात मैदानातल्या मातीची पुडी ठेवली. "मधल्या रेषेवर घाल नि मगे चढाई कर. इसरू नको."

प्रीतम विसरला नाही. पुढचं सगळं नंतर पोरांच्या बोलण्यातून माझ्या कानावर आलं. कोणाचं लक्ष नाही असं बघून त्याने शिबिरातल्या मॅटच्या मधल्या रेषेवर माती घातली, कपाळाला लावली आणि चढाईला गेला. गडी बाद करून परत येताना रेषेपाशी त्याचा बूट त्याच मातीवरून सरकला. गुडघा फिरला आणि चाचणी तिथेच संपली.

कुबड्या घेऊन तो मैदानात आला तेव्हा अण्णा माती चाळत होते. बोलली मात्र अक्षता.

"अण्णा, आता माझ्या पोरी जातील चाचणीला. मॅटवर पाय कसा टाकायचा ते त्यांना कुठे शिकवू? या मातीवर?"

"मातयेन काय वायट केल्यान गो?"

"मातीने काही नाही केलं. आपण तिला तिथे नेलं."

"ताई, बस ना यार," प्रीतम म्हणाला. "अण्णा, तुम्ही सांगितलंत म्हणून नाही घातली मी. मला वाटलं, आपली माती आहे, सांभाळून घेईल."

अण्णांनी चाळणी खाली ठेवली. म्हातारा आता लीगच्या नावाने चार शिव्या हासडेल म्हणून मी वाट बघत होतो. एकही निघाली नाही.

"येऊंदे मॅट," ते म्हणाले.

असा संताप आला मला! लीगचा, त्या बुटांचा, त्या पुडीचा आणि सगळ्यात जास्त अण्णांचा. इतकी वर्षं बरोबर घाम गाळला आणि मला एका शब्दाने विचारलं नाही.

आज सकाळी मॅटचे गठ्ठे आले. आता थट्टा बघा. मॅट घालायची तर खालची जमीन सपाट हवी. मग बोलावलं कुणाला? मलाच! माझ्या मातीला झाकायची तयारी मीच करायची. अक्षताने आणि अण्णांनी दांडा धरला, ओढला. मी हललो नाही. पुन्हा ओढला, तरी नाही.

अण्णा वाकले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाले, "चल रे बाबा. खडो रवलो तर परत कोणाचो तरी गुडघो जातलो."

भिंतीपाशी प्रीतम कुबड्यांवर उभा होता. चपला त्याने रेषेबाहेर काढल्या होत्या.

मी निघालो. राग गेलेला नाही, जाणारही नाही. आता मला कुठेही टाका, फक्त टीव्ही दिसेल असं टाका, म्हणजे शिव्या तरी घालता येतील. आणि पोरींनो, त्या मॅटवर बिनधास्त पडा. खाली मी एकही खडा ठेवलेला नाही.