कमरेत घेतलेला ड्रेस

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. आईने तिच्याशी सरळ सौदा केला होता: सराव परीक्षेत पहिल्या पाचात ये, मग स्पर्धेत खुशाल नाच. त्या दिवसापासून पोरीने स्वतःला पिळून काढलं. नाचाच्या वर्गाला जाताना बसमध्ये सूत्रं, घरी आल्यावर पाय गरम पाण्यात आणि मांडीवर भूगोल. शिकवणीच्या दिवशी तिची जागा रिकामी नको, म्हणून नाचाच्या बाईंनी एका धाकट्या मुलीला तिथे उभं केलं. तिलाही भिंगरीनेच गिरकी शिकवली, अगदी जीव ओतून.

आई संध्याकाळी तिचा स्पर्धेचा ड्रेस कमरेत घेत बसायची. "अभ्यासाने पार वाळलीस गं," म्हणायची. भिंगरीला ते बरं वाटायचं.

निकाल लागला. भिंगरी तिसरी आली आणि तशीच धावत नाचाच्या वर्गात गेली. आरशासमोर धाकटी उभी होती आणि तिच्या अंगात तो ड्रेस होता, कमरेत बेतून शिवल्यासारखा. केस अडकू नयेत म्हणून हुक आतून झाकलेले. तसे हुक फक्त आई लावायची.

बाई चपापल्या. "आईने सांगितलं नाही तुला? मला वाटलं, तुमचं बोलणं झालंय."

घरी आई भाजी चिरत होती.

"ड्रेस दिलास?"

"दिला. आधी सांगितलं असतं तर पुस्तकं भिरकावली असतीस."

"पण आपलं ठरलं होतं."

"तेव्हा वाटलं नव्हतं गं, तुला इतके मार्क पडतील. मधल्या चाचण्या बघितल्या आणि म्हटलं, एवढं डोकं नाचात कशाला घालवायचं?"

"आणि मी नापास झाले असते तर?"

आईची सुरी थांबली. "मग नाचू दिलं असतं. दुसरं काय उरलं असतं तुझ्या हातात?"

आई सुरुवातीलाच नाही म्हणाली असती तर भिंगरीला भांडता आलं असतं. हिने तर केसाने गळा कापला होता, तोही मायेने माप घेत घेत.

आईने पदराला हात पुसले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "आता शेवटची परीक्षा तेवढी राहिली. असेच मार्क आण, मग पुढच्या वर्षी खुशाल नाच."

ती मनापासून बोलत होती. भिंगरीने तिचा हात हळूच बाजूला केला.